निरोगी नमुना

३ नोव्हेंबर

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार घालायला हल्ली माझी कंबर राजी नसते, तेव्हा हा उभ्याउभ्या केलेला नमस्कारच गोड मानून घे. भाऊजींनाही त्यातला अर्धा दे.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, फिर्यादच ती! 'पोटची पोर तुझ्या हवाली केली आणि तू साध्या चार ओळी खरडत नाहीस.' कबूल. नाही खरडल्या. फोन करावा तर तुला नीट ऐकू येत नाही, मग भाऊजी तो स्पीकरवर टाकतात, आणि मी तुझी खुशाली विचारतोय की तुमच्या जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची, तेच मला कळेनासं होतं. म्हणून शेवटी कागद घेऊन बसलोय. अक्षराला हसू नकोस.

भिंगरी मजेत आहे. लेकीला हे नाव तू कोणत्या मुहूर्तावर ठेवलंस कोण जाणे, एका जागी बूड म्हणून टेकत नाही. आमच्या मागच्या खोलीत तिने संसार थाटलाय. तुझ्या भावजयीचं आणि तिचं असं काही गूळपीठ जमलंय की आता घरात पाहुणा कोण असेल तर तो मी. लॅबमध्ये माझ्या हाताखाली काम करते, तिथे मला 'सर' म्हणते. इतकं गंभीर तोंड करून म्हणते की मलाच हसू आवरत नाही. बाहेर जिन्यात आली की लगेच, 'मामा, भूक लागली.' तिचा तो होणारा नवराही परवा येऊन गेला. मुलगा मला आवडला. फार बोलत नाही. आमच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, ती कुणी न सांगता काढून, तेल घालून परत बसवली आणि मग चहाला बसला.

आमची लॅब तू कधी पाहिली नाहीस. लांबच लांब एक खोली, तिला एकच खिडकी, आणि तीही रंगाने चौकटीला चिकटून बसलेली. मी इथे लागल्यापासून ती कुणी उघडलेली नाही. भिंतीशी फ्रीझर, त्यांची दिवसभर घरघर. बाहेर बोळात बाकं. त्या बाकांवर आया बसलेल्या असतात, कडेवर पोर घेऊन. चांगलं सात-आठ वर्षांचं पोर, पण कडेवर, कारण ते चालून दमतं. त्यांच्यासमोरून जाताना मी हातातल्या कागदांत डोकं घालून जातो. इतकी वर्षं झाली तरी जमत नाही.

तू दर भेटीत विचारतेस, 'म्हणजे तू खरा डॉक्टर नाहीसच ना?' नाही ग बाई, नाही. पुन्हा एकदा सांगतो. शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक बारीक चुली असतात. आपण खातो त्याचं बळ त्या चुलींवर तयार होतं. आम्ही त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतो, तू चुलीच म्हण. काही माणसांच्या चुली जन्मापासूनच नीट पेटत नाहीत. मग जिथे जळण जास्त लागतं, म्हणजे मेंदू, स्नायू, कान, तिथे आधी बोंब होते. तो बिघाड शोधायचा आणि तो घरात कुठून आला ते सांगायचं, एवढीच माझी अक्कल. बरं करता येत नाही. नुसतं सांगता येतं. तू म्हणशील, मग पगार कशाचा घेतोस? मीही अलीकडे तेच म्हणतो.

बरं, तुझं सांग. साखर कितीवर आहे? गोळ्या बदलल्या का? कान दोन्ही सारखेच कमी झालेत की एक जास्त? जिना चढताना पोटऱ्या भरून येतात म्हणाली होतीस, ते अजून आहे का? आणि आठवत असेल तर सांग, आईला आधी साखर झाली की आधी ऐकू येईनासं झालं? मला वाटतं आधी कान. ती आणि मावशी गप्पा मारायला बसल्या की दोघी अशा ओरडायच्या की आपल्याला वाटायचं भांडण जुंपलं. सहज विचारतोय हं. वय झालं की माणूस असं काहीबाही आठवत बसतो.

भिंगरी माझ्यामागे लागलीय, तिने स्वतः लावलेल्या पहिल्या तपासणीची फाइल कधी उघडायची म्हणून. मी सांगितलंय, मशीन बिघडलंय, दुरुस्तीवाला यायचाय. तिने तुला लिहिलं तर तूही म्हण, धीर धर.

माझी तब्येत ठीक. झोप तेवढी कमी लागते. तुझी भावजय म्हणते, तू पंख्याकडे टक लावून बसतोस. जुना आहे पंखा, लक्ष ठेवलेलं बरं.

तुझा,
शास्त्रीबुवा


१४ नोव्हेंबर

अक्का,

'मी तुझी पेशंट आहे का रे?' असं विचारलंस. खाली दोनदा रेघ ओढून, 'काय झालंय ते सरळ सांग, नाहीतर मी उद्याच्या गाडीत बसते.' गाडीत बसू नकोस. सांगतो. तुझ्यापुढे माझं खोटं लहानपणी टिकलं नाही, आता काय टिकणार?

मशीन बिघडलेलं नाही. ठणठणीत आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. आजारी पोराचं रक्त तपासायचं तर शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्तही लावावं लागतं, ताळा बघायला. आता रोज धडधाकट माणसं आणायची कुठून? म्हणून जो नवा माणूस कामाला लागेल त्याने पहिल्या आठवड्यातच बाही वर करायची. आमच्या सुईवाल्या बाई नळीभर रक्त काढतात, हातावर बिस्किटांचा पुडा ठेवतात, बाकीचे टाळ्या वाजवतात. त्या नळीला म्हणायचं निरोगी नमुना. वर नाव नाही, नुसता आकडा; कोणता आकडा कुणाचा ते माझ्या वहीत. आणि देणाऱ्याने सही करून द्यायची, की यात काही निघालं तर मला कळवू नये. हसतहसत करतात सही. निघणार काय, म्हणून. लॅबमधल्या प्रत्येकाने दिलंय रक्त, मी सोडून. सुई दिसली की मी आडवा होतो हे तुला ठाऊक आहे, आणि साऱ्या लॅबलाही.

भिंगरी आली त्या आठवड्यात मी परगावी होतो, एका सभेला. परत आलो तर सुईवाल्या बाई कौतुकाने सांगायला लागल्या, 'साहेब, तुमची भाची शूर हो! डोळेसुद्धा मिटले नाहीत.' माझ्या हातातली पिशवी गळून पडली. मी असतो तर काहीतरी थाप मारून तिला त्या दिवशी घरीच ठेवलं असतं.

का ठेवलं असतं, हे तू विचारणारच. आईचे कान, आईची साखर. मावशीचं तेच. मग तुझं. आणि तुझा थोरला, आपला गोटू, सातव्या वर्षी झटके येऊन गेलेला. परक्यांच्या घरातलं असलं सगळं मी घटकाभरात एका ओळीत मांडून दाखवतो. आपल्या घराची ओळ मांडायला हात धजेना. गोटू गेल्यावर तूच मला बजावलं होतंस, 'माझ्या घरात तुझी सुई आणायची नाही.' खरं सांगू? तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

भिंगरीच्या रक्तात तो बिघाड आहे, अक्का.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं शांतपणे वाच. वाटलं तर पाणी पिऊन ये.

या चुली पोराला फक्त आईकडून मिळतात. बापाचा त्यात काडीचा संबंध नसतो. असं समज, धान्याच्या डब्यात खडे मिसळलेले आहेत आणि प्रत्येक पोराच्या वाट्याला त्यातली एक मूठ. कुणाच्या मुठीत दोन-चार खडे, कुणाच्या मुठीत धान्यापेक्षा खडेच जास्त. देणाऱ्या हाताला ते कळत नाही. आईच्या डब्यातून तुझी मूठ आली, माझीही आली असणार. तुझ्याकडून गोटूला आणि भिंगरीला. गोटूच्या मुठीत खडे फार आले. भिंगरीच्या बरेच कमी आहेत. आज तिला काही म्हणता काही नाही. जन्मभर काही होणारही नाही कदाचित. किंवा तुझ्यासारखे कान, तुझ्यासारखी साखर. पण तिच्या पोटी येणाऱ्या मुलाच्या मुठीत काय येईल, हे माझ्या बापालाही सांगता यायचं नाही. आधीपासून माहीत असेल तर मात्र डॉक्टरांना पुष्कळ काही करता येतं. गर्भ तपासता येतो, दुसरे मार्ग असतात, काही औषधं तिला चुकूनही द्यायची नाहीत हे ठरवता येतं. म्हणून तिला कळायला हवं, आणि लग्नाच्या आधी कळायला हवं.

मला माहीत आहे, तुला या क्षणी कुणाचा आवाज ऐकू येतोय. तुझ्या सासूबाईंचा. गोटूला नेल्यावर, भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, 'हिच्या माहेरचं रक्तच असलं.' मी त्यांच्या अंगावर धावून गेलो होतो आणि भाऊजींनी मला मागून धरलं होतं. आज त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, बघा, सांगत नव्हते? अक्का, त्यांना काहीही कळलं नव्हतं. त्यांना फक्त कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं आणि तुझं डोकं जवळ होतं. आईने तुला जे दिलं ते निवडून दिलं नाही, तूही निवडून दिलं नाहीस. यात दोष कुठे आला?

आणखी एक. तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत आहे तू इतकी वर्षं काय धरून बसलीयेस. तो त्या सकाळी 'पाय दुखतात' म्हणत होता आणि तू त्याला रागावून शाळेत पाठवलंस. त्यामुळे ते झालं नाही ग. घरी ठेवून उशाशी बसून राहिली असतीस तरी ते टळलं नसतं. हे मला तुला कधीच सांगता आलं असतं, पण त्यासाठी तपासावं लागलं असतं.

आता माझी गंमत बघ. नियम सांगतो की निरोगी नमुन्याच्या माणसाला काही कळवायचं नाही, सही आहे. भिंगरी म्हणते फाइल उघडायचीय, कारण ते तिचं कामच आहे. निरोगी नळीत आजार दिसला की मशीन आपोआप वर वर्दी पाठवतं, नुसत्या आकड्यानिशी, आणि सुईवाल्या बाईंनी नळ्यांची सरमिसळ केली असं सगळे धरून चाललेत. आमच्या विभागप्रमुख, मोठ्या मॅडम, त्यांनी बाईंना खोलीत बोलावून फैलावर घेतलं. बाई बाहेर येऊन मला विचारतात, 'साहेब, तुम्ही तरी सांगा, माझ्या हातून असं कधी झालंय का?' आणि मी चष्मा पुसतो. त्याच खेपेला लावलेल्या एका पोराचा रिपोर्टही अडकून पडलाय. त्याची आई येऊन बाकावर बसते. मी मागच्या जिन्याने जायला लागलोय. जेवायला घरी गेलो की ताटावर समोर भिंगरी असते. कुठे जाऊ? पुरती कोंडी झालीय माझी.

मला तुझा एक होकार हवा. तिला मी सांगू, की तू येऊन सांगतेस?

तुझा भाऊ
(शास्त्रीबुवा आज राहू दे)


२९ नोव्हेंबर

अक्का,

तुझ्या पत्रात खुशाली नव्हती, भाऊजींचा नमस्कार नव्हता. नुसतं एवढंच, 'तिला काही सांगायचं नाही. लग्न होऊ दे, मग बघू. तिच्या नळीच्या जागी दुसऱ्या कुणाची नळी ठेव, तुला येतं ते सगळं. गोटूची शपथ आहे तुला.' शपथ घालायला दुसरं कुणी सापडलं नाही का ग तुला? चार दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. राग आला होता. नंतर वाटलं, तू तरी काय करणार? एकदा पोळलेली आहेस.

आणि मी ते करायलाही निघालो होतो, हे तुला कळायला हवं. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा फ्रीझर उघडला. एका हातात भिंगरीची नळी, दुसऱ्या हातात मागे लॅबमध्ये काम करून गेलेल्या एका धडधाकट मुलाची. लेबलांची अदलाबदल केली की काम फत्ते. नखाने भिंगरीचं लेबल सोलायला घेतलं. अर्धं निघालंसुद्धा. गारठ्याने बोटं बधिर झाली होती, म्हणून जरा थांबलो, आणि थांबलो म्हणून डोकं चाललं. नळ्या बदलून पुन्हा तपासलं की भिंगरीचा आकडा स्वच्छ निघणार, म्हणजे पहिल्या खेपेचा घोटाळा सुईवाल्या बाईंचाच हे कायमचं ठरणार. त्या बाईंनी माझ्या आजवरच्या कामातली प्रत्येक नळी सांभाळलीय. तुला वाचवायला मी त्यांचा बळी द्यायला निघालो होतो. लेबल परत दाबलं. ते काही केल्या चिकटेना. नळी मुठीत घट्ट धरून मी तसाच उभा राहिलो, आणि बोळात पावलं वाजली तसं घाईने सगळं आत ठेवून दिलं.

परवा मोठ्या मॅडमनी सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. बाईंना म्हणाल्या, उद्यापासून नळ्यांना हात लावायचा नाही, पुढचं कळवू. बाईंनी हातातले हातमोजे काढले आणि टेबलाच्या कडेला ठेवले. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, अक्का. पण आवाज आला तो माझा नव्हता.

'बाईंचं काही चुकलेलं नाही,' भिंगरी म्हणाली. 'ती नळी माझी आहे. सरमिसळ वगैरे काही झालेली नाही. मीच तशी आहे.'

मॅडम म्हणाल्या, 'हे तुला कळायला नको होतं. सही आहे तुझी.' तर ही म्हणते, 'मग पुसून टाका सही.' तुझीच पोर, शोभली हो! मॅडमनी हातमोजे उचलून बाईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, 'बाई, माफ करा.' बाईंचा बांध तेव्हा कुठे फुटला, आणि त्या मोठ्याने रडायला लागल्या. भिंगरीच्या हाताला धरून रडत होत्या.

तिने फाइल केव्हाच उघडली होती, आणि उघड्या डोळ्यांनी रक्त देताना नळीवरचा आकडाही पाहून ठेवला होता. मी मशीन बिघडल्याच्या थापा मारत होतो आणि ती 'हो का, सर?' म्हणून मान डोलावत होती. मशीनचा दिवा चालू असलेला तिला रोज दिसायचा. मी विचारलं, 'मग बोलली का नाहीस?' म्हणाली, 'तू इतका घाबरलेला होतास, मामा, की म्हटलं आधी तुला सवय होऊ दे.'

मग मीही बाही वर केली. दुसरा उपायच नव्हता. ही गोष्ट घरातली आहे, नळीतली नाही, हे कागदावर यायला हवं होतं. नेहमीसारखा आडवा झालो. शुद्धीवर आलो तर बाई वारा घालत होत्या आणि भिंगरी म्हणत होती, 'सर, उठा, बिस्किट खा.' माझा रिपोर्ट आज हातात आला. मलाही आहे. भिंगरीपेक्षा कमी. पण माझ्याकडून पुढे जात नाही, कारण बापाच्या चुली पोरांत उतरत नाहीत. माझे दोघेही सुटले. हे वाक्य तुला लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. एकाच आईच्या पोटची आपण दोघं. तुझा गोटू गेला, आणि माझी पोरं पहाटे धावायला जातात आणि तक्रार करतात की बाग लहान आहे.

बाकावरच्या त्या आईला तिच्या पोराचा रिपोर्ट दिला. पुढच्या जिन्याने गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हणजे माझ्यामुळे ना?' सगळ्याच विचारतात. मी दर वेळी शास्त्र सांगतो, धान्याचं, खड्यांचं. या वेळी ते काही आठवेना. म्हटलं, 'माझ्या बहिणीच्या घरीही हेच आहे.' ती बाकावर थोडी सरकली आणि मला बसायला जागा केली. मग आम्ही तिच्या पोराच्या शाळेबद्दल बोललो.

आता जे लिहायला बसलो होतो ते.

त्या दिवशी सगळं आटपल्यावर भिंगरीने मला जिन्यात थांबवलं. विचारलं, 'दादाला हेच होतं ना?' मी हो म्हटलं. तिने त्याला कधी पाहिलंसुद्धा नाही, तुमच्या कपाटावरच्या फोटोत पाहिलाय तेवढाच, पण पायरीवर बसून ती त्याच्यासाठी रडली. स्वतःसाठी नाही. त्या होणाऱ्या नवऱ्याला तिने आधीच सगळं सांगितलंय. तो म्हणाला, 'बरं, मग डॉक्टरांना कधी भेटायचं?' एवढंच. मी म्हटलं ना, मुलगा चांगला आहे. मग ओढणीने तोंड पुसून ती मला म्हणाली, 'आईला सांगायचं नाही हं, मामा. तिला वाटेल सगळं तिच्यामुळे झालं. लग्न होऊ दे, मग बघू.'

तुझेच शब्द, अक्का. जसेच्या तसे. मी 'बरं' म्हटलं. मी सगळ्यांनाच बरं म्हणतो. तू तिच्यापासून लपव म्हणतेस, ती तुझ्यापासून लपव म्हणते, आणि दोघींच्या मध्ये मी तोंडात बोळा कोंबून बसलोय. माझी त्याला हरकत नाही ग, मला सवय आहे. पण पुढचं मला दिसतंय. ती शुक्रवारी घरी येतेय. दारातच हसेल, येताना गाडीत किती गर्दी होती ते सांगेल. तूही हसशील, पिशवी घेशील हातातली. तुम्हा दोघींना ते झकास जमतं. मग लग्न होऊन जाईल. आणि पुढे केव्हातरी ती एकटी जाऊन कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर बसेल, आणि तू फोन केलास की सांगेल, बाजारात आलेय. तूही अशीच एकटी बसायचीस गोटूला मांडीवर घेऊन, आणि घरी सांगायचीस, देवळात गेले होते. मला ठाऊक होतं. मीही कुणाला बोललो नाही.

ते मला पुन्हा बघवणार नाही. म्हणून तिच्याशी दगा करून तुला हे लिहितोय. शपथही मोडली. जी शिक्षा करायची ती मला कर, बोलू नकोस माझ्याशी वर्षभर, चालेल. हे पत्र भाऊजींना वाचायला दे, लपवू नकोस. गोटू त्यांचाही होता. पण शुक्रवारी ती दारात हसायला लागली की तिला हसू देऊ नकोस. जवळ घे आणि सांग, मला सगळं माहीत आहे.

तुझ्या पाठचा,
भाऊ